पन्नास पीसची ऑर्डर आणि मागचा आकडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ग्राइंडर, बाकी लागेल ते शेजारच्याकडनं. पंपाचे पार्ट, फौंड्रीवाल्यांचं मशिनिंग, शेतीच्या अवजारांची दुरुस्ती असली कामं येतात. मागच्या महिन्यात दुपारी जेवून बसलो होतो तर राधानगरी साईडचा एक पोरगा आला, पंचवीस-सव्वीसचा असेल, ओळखीच्या माणसाचा भाचा. खिशातनं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, असले पन्नास पीस करून पाहिजेत. किती घ्याल?"

हातात घेतलं तर बाणाचं टोक. ब्रॉडहेड म्हणतात त्याला, मला तेव्हा नाव पण माहीत नव्हतं. पण काम बघितलं आणि खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं मी सगळं विसरून नुसतं तेच बघत बसलो. मधला दांडा, त्याला तीन खाचा, खाचेत तीन पाती सरकवलेली, मागनं वॉशरनं दाबलेली, म्हणजे धार गेली की पाती बदलायची, दाढीच्या ब्लेडसारखी. पात्याची जाडी व्हर्निअरनं मोजली, पाऊण एमएमच्या आत. तिन्ही पात्यांच्या टोकांवरनं जाणारं वर्तुळ 27 एमएमचं. मागचे आटे आपल्या एम फोरच्या, म्हणजे चार एमएमच्या आट्यांच्या जवळ जाणारे पण एम फोर नव्हेत, नट लावून बघितला, दीड फेऱ्यात अडकला. नंतर कळलं की ते 8-32 आटे, बाणाच्या टोकांसाठी जगभर तेच चालतात. वजनकाट्यावर टाकलं तर साडेसहा ग्रॅम. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात, हा 100 ग्रेनचा, म्हणजे 6.48 ग्रॅम. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला, काटा जेमतेम हलला, म्हणजे टोक अगदी सरळ. एवढ्याशा वस्तूत एवढी काटेकोर कामगिरी बघून आमच्या धंद्यातल्या कुणालाही बरं वाटेल.

मग तो म्हणाला, "फक्त एक बदल पाहिजे. पात्याला मागच्या बाजूनं उलटा आकडा काढायचा, गळाला असतो तसा. एकदा घुसला की निघायला नको."

"कशात घुसायला रे?"

"डुकरात की. ऊस बघा येऊन आमचा, अर्धा आडवा केलाय."

कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य त्यानं ऑनलाईन घेतलंय, मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघितलेत, आणि गावातली अजून चार-पाच पोरं तयार आहेत म्हणे. मी त्याला लगेच नाही पण म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. सॅम्पल ठेवून जा, दोन दिवसांत सांगतो म्हटलं. मला त्या आकड्यानं अस्वस्थ केलं होतं. का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आता सांगता येतं म्हणून हे लिहितोय.

माझा मावसभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोत असतो, पंधरा वर्षं झाली. तो स्वतः शिकार करत नाही पण त्याचा शेजारी धनुष्यानं एल्कची शिकार करतो, एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा मोठं हरीण, आणि भाऊ एकदोनदा त्याच्यासोबत डोंगरात जाऊन आलाय. रात्री त्याला व्हिडिओ कॉल लावला, सॅम्पल कॅमेऱ्यासमोर धरलं. आकड्याचं सांगितलं तसा तो पटकन म्हणाला, "अरे असलं इथं चालतच नाही." मग जे सांगितलं ते ऐकून मी पुढचे तीन-चार दिवस वाचतच बसलो.

आधी एक गोष्ट कळायला पाहिजे, बाण गोळीसारखा मारत नाही. मी आकडेमोड करून बघितली. शिकारीचा बाण टोकासकट साधारण 26 ग्रॅमचा, चांगल्या कंपाउंडमधनं सेकंदाला 80 मीटरच्या आसपास सुटतो. म्हणजे ऊर्जा झाली 83 ज्यूल. पॉईंट टू-टूच्या छोट्या रायफलीच्या साध्या गोळीत पण याच्यापेक्षा जास्त असते, आणि मोठ्या जनावरासाठी वापरतात त्या रायफलीत 3500 ज्यूलच्या वर. म्हणजे बाणाच्या धक्क्यानं जनावर पडत नाही, कधीच नाही. बाण फक्त कापतो. दोन्ही फुफ्फुसांतनं आरपार गेला तर रक्त इतक्या वेगानं जातं की जनावर काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात कोसळतं, बऱ्याचदा शंभर मीटरच्या आतच. आणि तिथं नाही लागला, पोटात लागला, मांडीत लागला, तर ते जनावर तासन्‌तास, कधी दिवसभर मरत राहतं. सगळं ब्रॉडहेडचं डिझाईन या एका गोष्टीभोवती फिरतं.

धार का पाहिजे? कारण बोथट पातं रक्तवाहिनी बाजूला सारतं किंवा फाडतं, फाटलेल्या कडेवर रक्त लवकर गोठतं. धारदार पातं स्वच्छ कापतं आणि स्वच्छ काप लवकर बंद होत नाही. दाढी करताना नव्या ब्लेडनं कापलं की कसं बराच वेळ थांबत नाही, तसंच. म्हणून जे नीट शिकार करतात ते प्रत्येक वेळी नवीन पाती घालतात, एकदा माती लागलेलं पातं परत वापरत नाहीत.

मग रुंदी. जास्त रुंद पातं जास्त कापतं पण आत जायला जास्त ताकद खातं, 83 ज्यूलमधनं ती द्यायची. म्हणून साधी, म्हणजे न उघडणारी टोकं बहुतेक एक ते सव्वा इंचाच्या दरम्यान असतात. दुसरा प्रकार मेकॅनिकल, उडताना पाती मिटलेली आणि जनावराला लागल्यावर उघडतात, दीड-दोन इंचापर्यंत. ती उडायला बरी, कारण हवेत मोठं पातं छोट्या पंखासारखं वागतं, धनुष्याचं ट्यूनिंग जरा चुकलं असलं किंवा टोक जरा तिरकं बसलं असलं की बाण भलतीकडं ओढला जातो. (त्या डायल गेजच्या काट्याचा अर्थ मला इथं लागला.) पण मेकॅनिकलला पाती उघडण्यातच थोडी ताकद जाते आणि तिरक्या कोनात हाडावर लागला तर सरकायची भीती. म्हणून हलक्या धनुष्यावर दोन पात्यांचं साधं टोकच बरं, असं जाणते सांगतात. मला स्वतःला विचाराल तर हलणारा पार्ट जितका कमी तितका भरवसा जास्त, हे आमच्या धंद्यातलं पण तेच आहे.

आता नियम. कोलोरॅडोत ब्रॉडहेड कमीत कमी 7/8 इंच रुंद पाहिजे, म्हणजे आपल्या भाषेत 22 एमएम, आणि कमीत कमी दोन पोलादी धारा पाहिजेत. टेक्सासमध्ये पण तेच 7/8 चं माप. कोलोरॅडोत धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारी ताकद, कमीत कमी 35 पौंड, म्हणजे 16 किलो. धनुष्यावर नेम धरायला मदत करणारं बॅटरीवरचं काही लावायचं नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासनं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार. लायसन्स काढायच्या आधी शिकारीचं शिक्षण घेतल्याचं सर्टिफिकेट, 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तो पण गुन्हा. आणि धनुष्याचा, ब्रॉडहेडचा कारखानदार विकताना 11 टक्के टॅक्स भरतो, तो पैसा 1937 च्या एका कायद्यानं वन्यजीवांच्या कामाला जातो. हे सगळं वाचताना मला वाटलं होतं की तिकडं मोकळं रान असेल, पैसे भरा आणि मारा. तसं नाहीये. आणि इंग्लंडात तर धनुष्यानं वन्यप्राणी मारायला बंदीच, 1981 च्या कायद्यात सरळ लिहिलंय.

आणि आकडा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बार्ब असलेलं टोक, म्हणजे हेच पोराला पाहिजे होतं ते, बेकायदेशीर. विष लावलेला आणि स्फोटक बाण पण. कारण सोपं आहे. बाण आरपार गेला नाही, चुकीच्या जागी लागला आणि जनावर पळालं, तर साधं टोक असेल तर हालचालीत, झुडपात घासून ते निघू शकतं, जखम भरू शकते, जनावर जगू शकतं. आकडा असेल तर निघत नाही, प्रत्येक पावलाला आत कापत राहतो. म्हणून पात्याची मागची कड दांड्याकडं उतरती ठेवतात. माझ्या टेबलावरच्या सॅम्पलची पण तशीच होती. कुणीतरी मुद्दाम विचार करून ती कड तशी उतरवली होती आणि मला पन्नास वेळा ती उलटी करायला सांगितली होती.

भावाशी बोलताना एक जुनी गोष्ट डोक्यात आली, आजोबा महाभारत वाचून दाखवायचे त्यातली. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात, त्यात युद्ध कसं करावं ते पण येतं, आणि तिथं ते म्हणतात की बाण विषारी नसावा आणि कर्णी नसावा, असली हत्यारं दुर्जनांची. कर्णी म्हणजे कान असलेला, मागं वळलेले कान. म्हणजे आकडाच. आणि हे कोण सांगतंय? जो माणूस स्वतः बाणांच्या शय्येवर पडलाय, ज्याच्या अंगात एकेक टोक रुतलेलंय. लहानपणी हा भाग ऐकताना माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आपला शल्यचिकित्सा शब्द पण तिथलाच, शल्य म्हणजे बाणाचं टोक, अंगात रुतून बसलेलं काहीही, आणि ते बाहेर काढायचं शास्त्र ते शल्यतंत्र. आपल्या लोकांना बाणाच्या टोकाचं दुखणं किती नीट माहीत होतं.

त्या शेजाऱ्याची एक गोष्ट भावानं सांगितली ती मला फार आवडली. एका सप्टेंबरात, धनुष्याचा सीझन तेव्हाच असतो, हे दोघं पहाटे ओढ्याकाठी बसले होते. मोठा नर एल्क आला, तीस पावलांवर उभा, धनुष्य ओढलेलं. आणि शेजाऱ्यानं बाण सोडलाच नाही. एल्क समोरून जरा तिरका उभा होता, खांद्याचं हाड आड येत होतं. दीड मिनिट ओढून धरलं, एल्क वळला नाही, मान खाली घालून निघून गेला, यानं दोरी हळूच परत आणली. त्या वर्षी त्यानं एकही बाण सोडला नाही. परत येताना गाडीत गप्प होता पण वैतागलेला नव्हता म्हणे. पूर्ण आडवा उभा असेल किंवा मागं वळलेला असेल तरच सोडायचा, नाहीतर नाही, हा त्याचा नियम कुठल्या पुस्तकात असो नसो, तो पाळतो. अजून एक गंमत बघा, तीस मीटरवर बाण पोचायला 0.38 सेकंद लागतात आणि दोरीचा आवाज 0.09 सेकंदात पोचतो. म्हणजे जनावराला पाव सेकंदाच्या वर वेळ मिळतो दचकायला, खाली बसायला. तेवढ्यात फुफ्फुसावर नेम धरलेला बाण पोटात लागतो. म्हणून लांबनं सोडत नाहीत.

आणि आमची पोरं उसात सोडणार होती. रात्री, टॉर्च लावून, दोन हातावर दिसत नाही अशा उसात, आकडा लावलेलं टोक.

मला हे बघितलेलं आहे म्हणून बोलतोय. बाणानं नाही, फासकीनं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, आजोळी गेलो होतो, कुणीतरी क्लचवायरची फासकी लावली होती, त्यात डुक्कर मागच्या पायानं अडकलं आणि फासकीचा खुंटाच उपटून घेऊन उसात शिरलं. दोन दिवस आवाज येत होता. रात्री जास्त. आजी कान झाकून झोपायची, आणि आजोबा, जे लहानपणी महाराजांच्या शिकारीत हाकारे म्हणून राधानगरीच्या रानात जाऊन आले होते आणि त्या गोष्टी रंगवून सांगायचे, ते पण त्या दोन दिवसांत कुणाशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. ऊस तोडणीला आला तेव्हा सापडलं. वायर हाडापर्यंत गेली होती.

कायदा पण बघितला, कारण नाव माझ्या वर्कशॉपचं येणार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. सुरवातीला त्यात शिकारीची लायसन्स होती, 1991 च्या दुरुस्तीत ती सगळी कलमं काढून टाकली. कलम 9 नं शिकारीला बंदी. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, पकडणं, फासकी लावणं, विष घालणं, जखमी करणं आणि त्याचा प्रयत्न करणं पण. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, गवा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर कमीत कमी 25,000 दंड. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर जनावर कुठलंही असो, शिक्षा तीच. आणि आमच्या त्या पोराचं गाव राधानगरी अभयारण्याला लागून, जे 1958 ला दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून सुरू झालं. हद्दीचा दगड कुठं आहे हे रात्री उसातनं पळणाऱ्या डुकराला काय माहीत आणि मागं धावणाऱ्या पोराला तरी काय दिसणार. वापरलेलं हत्यार, गाडी सरकारजमा होते. आणि कलम 52, मदत करणारा पण गुन्हेगारच धरतात. उद्या ते टोक एखाद्या गव्याच्या अंगात सापडलं तर लेथवरची माझी खूण त्यावर असती.

पण पोराचं गाऱ्हाणं खोटं नाही हे पण मला लिहायचंय. एकरभर ऊस एका रात्रीत आडवा होतो, भुईमूग तर नांगरल्यासारखा उकरतात. कलम 11 मध्ये वाट आहे, रानडुक्कर जीविताला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालंय असं पटलं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, कारणं लिहून. पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, मग वाट बघणं, आणि ऊस वाट बघत नाही. कर्ज काढून लावण केलेल्या पोराला "कायदा आहे" एवढंच सांगून परत पाठवणं मला पटत नव्हतं.

तो आठवड्यानं आला. मी सॅम्पल काढून ठेवलं आणि सांगितलं, करणार नाही. तो म्हणाला, "आकडा नको मग, साधंच करा." साधं पण नाही म्हटलं. चिडला. दुसरीकडं करून घेतो म्हणाला, आणि उद्यमनगरात मिळेल पण, हे मला माहीत आहे. मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि फासकीच्या डुकराची गोष्ट सांगितली, वर लिहिली तशीच. तो खाली बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, आमच्याकडं पण असा आवाज आलाय." बराच वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "मग करायचं काय?"

झटका मशीनचं, म्हणजे शेताभोवतीच्या तारेत करंट सोडणाऱ्या यंत्राचं, विचारलं तर म्हणाला बसवलंय पण चालत नाही. का चालत नाही ते खोदून विचारलं. सगळ्यात खालची तार गुडघ्यापर्यंत, डुक्कर खालनं सरळ जातं. गवत तारेला टेकलंय म्हणजे करंट तिथंच जमिनीत जातोय. अर्थिंगला एक सळी ठोकलीय, ती पण कोरड्या जागेत. आणि खांबाला तार बांधायला प्लास्टिकचे तुकडे, उन्हानं तडकलेले. गावात एकानं वैतागून थेट लाईनचा करंट सोडलाय असं पण बोलता बोलता निघालं, तेव्हा मी त्याला हात जोडले, की ते आधी बंद करा, त्यानं माणसं मरतात. झटका मशीनचा करंट सेकंदाला एकदा, क्षणभरच येतो, जनावर दचकून मागं फिरतं पण चिकटत नाही, थेट लाईनचा सोडत नाही.

कागदावर काढून दिलं. खालची तार वीतभर उंचीवर, दुसरी गुडघ्याच्या जरा खाली, तिसरी कमरेला, गव्यासाठी चौथी छातीला. अर्थिंगच्या तीन सळ्या, ओलाव्याच्या जागी, एकमेकींपासनं लांब. तारेखालचं गवत दर पंधरा दिवसाला काढायचं. आणि खांबाला लावायचे ब्रॅकेट मी करून देतो म्हटलं, लोखंडी पट्टी वाकवून, पोर्सलिनचा इन्सुलेटर बसेल असा.

पहिले 40 ब्रॅकेट गेल्या शनिवारी नेले. काल रात्री फोन आला, अजून 60 पाहिजेत, शेजारच्या दोघांनी पण बघितलंय. ते ब्रॉडहेड न्यायला विसरला का मुद्दाम ठेवून गेला मला माहीत नाही, अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्याच रुमालात.